डोंगेवाल्याच्या मौतीला

सांगू की नको असं करत मी दोन महिने काढले. पण तेवढ्यात आमच्या वरठीत दहा जणींनी हा किस्सा सांगूनही टाकला, आणि तोही तिखटमीठ लावून! तेव्हा म्हटलं, आपली फजिती आपणच सांगावी. निदान आळणी तरी सांगितली जाईल.

आधी एक कबूल करते. मला चौकशीची सवय आहे. लोक त्याला चाबरेपणा म्हणतात, मी काळजी म्हणते. गल्लीत कोणाकडे पाहुणे आले, कोणाचा सिलिंडर संपला, कोणाच्या सुनेनं सासूला न विचारता पडदे बदलले, हे कळल्याशिवाय मला घास उतरत नाही. पण एक गोष्ट मी जन्मात केली नाही. "काय झालं व?" असं मी कोणाला विचारलं नाही. विचारतात त्या साध्या बायका. मला माहीत असतं!

तिथंच तर नडलं.

आमच्या भिंतीला भिंत लागून वंदना राहते. अंगणवाडीत आहे. नवरा लवकर गेला, एकुलती एक पोरगी, प्रगती. भंडाऱ्याला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायला जाते. पोरगी गुणाची, पण लग्नाचं जुळेना. दोन स्थळं आली आणि गेली. तिसरं स्थळ मी आणलं. अड्याळची माझी मावसबहीण कुसुम, तिचा मुलगा नीलेश. खत-बियाण्यांचं दुकान, घर चांगलं, पोरगा इतका शांत की गिऱ्हाईक दुकानात येऊन परत गेलं तरी कळत नाही म्हणे. रविवारी ते लोक पोरगी पाहायला येणार होते.

आमच्याकडे रीत अशी आहे की पसंती होईपर्यंत दोन घरं एकमेकांशी सरळ बोलत नाहीत. जे काय बोलायचं ते मधातल्या माणसाकडून. मधातली कोण? मी! आठ दिवस माझे पाय जमिनीला लागत नव्हते. वंदना तर रोज म्हणायची, "शोभाताई, हे जुळलं तं तुमचे उपकार फिटणार नाही जी." आणि खालच्या आवाजात, "हे बी मोडलं तं पोट्टी पुन्हा कोणासमोर बसणार नाही, म्हणते."

तर एवढं सगळं माझ्या डोक्यावर होतं. आता पुढचं ऐका.

शुक्रवारी सकाळी मी दळण घेऊन गिरणीवर गेले. अर्धा तास. माझ्या आयुष्यातला तो अर्धा तास कोणी मला परत आणून देईल का? कारण तेवढ्यात वंदना घरातून निघून गेली. मी परत येते तो समोरची म्हणाली, "वंदनाबाई पिशवी घेऊन धावतपळत तुमसरच्या गाडीले गेली, आंबागडले." आंबागड म्हणजे वंदनाचं माहेर. तिथं तिचे म्हातारे वडील आहेत. मी त्यांना दोनदा पाहिलेलं. ऐंशीच्या पुढचे, तरी रोज तलावावर मासे धरायला जाणारे.

पोरगी पाहायला दोन दिवस राहिले आणि आई धावतपळत माहेरी? मी पीठ तसंच ठेवलं आणि भिंतीजवळ बसले. आता भिंतीजवळ काही मी मुद्दाम बसत नाही. माझा पाटच तिथं आहे.

आणि पलीकडून प्रगतीचं रडणं ऐकू आलं!

फोनवर बोलत होती मैत्रिणीशी. हुंदके देऊन देऊन. "अवं, पाण्यात पडून मेला तो! … नाही, ढकललं त्याले. … ज्याहीच्यासाठी एवढे वर्षं राबला, त्याहीनंच ढकललं! … अन् सगळे हसून राहिले होते व, हसून!"

माझ्या हातातली चाळणी गळून पडली.

आता तुम्हीच सांगा. आई घाईनं माहेरी गेलेली. माहेरी म्हातारा. म्हातारा रोज तलावावर. आणि कोणीतरी पाण्यात पडून मेलं. तुम्ही काय समजला असता? दोन आणि दोन चारच ना? मी तर जरा घाईत सहा केले, एवढंच.

ज्या घरी मौत झाली त्या घरी चूल पेटत नाही, हे शेजाऱ्यालाच पाहावं लागतं. मी भात टाकला, तुरीचं वरण केलं, लाखोरीची भाजी केली. डोक्यावर पदर घेतला आणि डबा घेऊन गेले.

मौतीच्या घरी जाण्याचे नियम तुम्हाला माहीतच आहेत. दारात चप्पल काढताना नाक ओढायचं. आत जाऊन काही न बोलता बसायचं. आणि "कोण गेलं?" असं कधीही, कधीही विचारायचं नाही. ज्याला माहीत नाही त्यानं बसायला यावंच कशाला?

प्रगती पलंगावर बसली होती. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. मी तिचं डोकं छातीशी धरलं. "झालं ते लय वाईट झालं बाई," मी म्हटलं.

तिनं मान वर केली. "तुम्हाले बी समजलं, काकू?"

"समजणार नाही का? मले सगळं समजते."

तर ती पोरगी मला घट्ट बिलगली. "मले वाटलं, मोठ्या माणसाले ह्याचं काही वाटणार नाही. आई तं म्हणे, त्याच्यात काय रडतं."

मी मनात म्हटलं, काय दगडाची बाई आहे ही वंदना! स्वतःचा बाप गेला आणि पोरीला म्हणते, त्यात काय रडतं.

"तुही आई धक्क्यात असन," मी म्हटलं. "तू रड. मोकळी हो."

"काकू, जो माणूस कधी तोंडातून एक शब्द काढत नव्हता, त्याले बडबड्या करून सोडला. सारखी बडबड, सारखी बडबड."

"शेवटी शेवटी माणूस बडबडतेच, बाई. माहे सासरे तीन दिवस बडबडले."

"अन् नाचवलं त्याले! चड्डीवर!"

आता मला सुचेना. पण अनुभवी बाई गोंधळत नाही. "वात झाला असन," मी म्हटलं. "वातात माणूस कपडे फेकते."

"अन् मंग ढकलून देल्लं पाण्यात. कायले ठेवतीन? त्याहीचं काम झालं ना! आता त्याच्या जागी नवे आणतीन, चकचकीत."

म्हणजे मुलांनी! वंदनाच्या भावांनी! आणि तलावाकाठची ती धानाची जमीन! पोरगी स्पष्ट नाव घेत नव्हती, पण घेईल कशी? सख्खे मामा ना ते!

"पोलीस…" मी कुजबुजले.

"पोलीस काय करतीन, काकू?" ती डोळे पुसत कडू हसली. "ज्याचं आहे ते त्याचं काहीही करू शकतात."

खरं आहे, म्हटलं. एवढ्याशा पोरीला जगाचं केवढं कळतं! मी तिला जवळ बसवून जेवू घातलं. तिनं लाखोरीची भाजी दोनदा घेतली. दुःखात भूक लागते बरं, लोक सांगत नाहीत.

घरी येऊन मी फोन घेतला.

दुपारपर्यंत अकरा झाले. गल्लीतल्या, स्टेशनाकडच्या, भजनातल्या, सगळ्यांना. पहिल्या फोनात आजोबा पाय घसरून पडले होते. चौथ्यात धक्का लागला. सातव्यात ढकलले. अकराव्यात… जाऊ द्या. मी प्रत्येकीला बजावलं, "वंदना आंबागडहून आली का कोणी एकट्यानं जाऊ नका. मी रविवारी येईन, तेव्हा सगळ्या मिळून बसायले जाऊ." कारण तोवर मला अड्याळ गाठायचं होतं. असली बातमी फोनवर सांगायची नसते.

आमचे हे पाळी करून कारखान्यातून आले. सायकल टेकवता टेकवता सगळं ऐकलं आणि म्हणाले, "अवो, एकदा विचारून तं घे पोरीले, कोण मेलं."

"विचारू? मी?" मी म्हटलं. "लोक काय म्हणतीन?"

ते हातपाय धुवायला निघून गेले. अठ्ठावीस वर्षांत ते शिकले आहेत.

संध्याकाळच्या गाडीनं मी अड्याळला गेले. कुसुमला सांगितलं. तिनं कपाळावर हात मारला. "म्हंजे सुतक आलं. पोरगी पाहणं गेलं लांब."

"लांबवू, पण मोडू नको," मी म्हटलं. माझा जीव त्याच्यातच अडकला होता. "पोट्टी हिऱ्यासारखी आहे."

कुसुमचा नवरा देवराम भाऊजी, माणूस फार रीतीचा. ते म्हणाले, "पाहणं मंग पाहू. पण बातमी समजली, तं बसायले जावंच लागते. अशा टाइमलेच माणूस समजते. रविवारी निघालोच होतो, तं आता बसायले जाऊ." नीलेशकडे पाहिलं. नीलेशनं मान हलवली. एवढंच.

बघा! किती चांगले लोक! असे पाहुणे कोणाच्या नशिबी येतात?

रविवारी अकरा वाजता आम्ही गाडीतून वरठीला पोहोचलो. कुसुमनं जुनं फिकं लुगडं नेसलेलं, भाऊजींच्या खांद्यावर पांढरा दुपट्टा, नीलेश पांढऱ्या शर्टात. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी केली, कारण आमच्याकडे बाया मौतीच्या घरी गल्लीच्या तोंडापासून रडत जातात. दारात जाऊन एकदम रडू येत नसतं, थोडं चालावं लागतं. कुसुमनं तोंडाला पदर लावला आणि सुरू केलं, "अवं माय वं माय, कसं झालं वं!" मीही सूर लावला. गल्लीतल्या बाया आपापले डबे घेऊन दारात तयारच होत्या. आमच्या मागं त्याही लागल्या.

आता तिकडचं चित्र पाहा. वंदना शनिवारी संध्याकाळी घरी परतली होती. रात्रीपर्यंत घर सारवून, पुसून, नवी चादर घालून तिनं सजवलं होतं. चिवडा, बालूशाही, सगळं तयार. अंगावर ठेवणीतलं रेशमी लुगडं. आणि ती पाहुण्यांची वाट पाहत दारात आली, तो समोरून काय यावं? मुलाची आई छाती बडवत येत आहे!

वंदनाला वाटलं, यांच्याच घरी काही झालं. आमच्याकडची बाई आधी रडते आणि मग विचारते. वंदना धावत आली आणि कुसुमच्या गळ्यात पडली. "अवं माय वं! कसं झालं वं बाई!"

कुसुम म्हणाली, "धीर धर बाई, धीर धर!"

वंदना म्हणाली, "तुम्ही धीर धरा जी! तुम्हीच धरा!"

दोघी एकमेकींना धीर देत अशा रडल्या की समोरच्या घरातलं कुत्रं उठून निघून गेलं. मी मधात उभी राहून दोघींची पाठ थोपटत होते. मनात म्हटलं, सोयरीक जुळायच्या आधीच केवढी माया!

तेवढ्यात घरातून एक म्हातारा बाहेर आला. धोतर, नवीन टोपी, हातात अर्धी बालूशाही.

"कायले रडता व बायांनो?" तो तोंडातला घास सारत म्हणाला. "कोण मेलं?"

मी पाहिलं. पुन्हा पाहिलं. माझा सूर मधातच मोडला.

कुसुमनं त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. तिनं पदर सावरला. "काय सांगू बुवा, पोरीचे आजोबा गेले ना!"

म्हातारा तिच्याजवळ आला, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको, बाई. माणूस मेला म्हंजे वापस येते का? किती वर्षांचे होते?"

"ऐंशीच्या वरते होते, म्हणते."

"मंग खाऊनपिऊन गेले ना! कायले रडतं?" आणि उरलेली बालूशाही तोंडात टाकली.

"तुम्ही कोण जी?" भाऊजींनी विचारलं.

"मी? पोरीचा आजा. आंबागडचा. पोट्टीले पाह्यले पाहुणे येऊन राहिले म्हणून वंदना मले न्यायले आली होती."

डबेवाल्या बाया जिथल्या तिथं थांबल्या. मग हळूहळू सगळ्यांच्या माना वळल्या. कुठं वळल्या असतील? सांगायची गरज आहे?

"शोभाताई?" वंदना म्हणाली.

"शोभाताई!" कुसुम म्हणाली.

मी हार मानणारी बाई नाही. "मले प्रगतीनं सांगितलं!" मी म्हटलं. "विचारा तिले! पाण्यात ढकललं म्हणे! मामाहीनं!"

"माह्या पोराहीनं?" म्हातारा म्हणाला. "माहे पोरं मले उठून पाण्याचा गिलास देत नाहीत. तलावापर्यंत येऊन ढकलतीन ते?"

सगळे आत गेलो. प्रगती हातात चहाचा ट्रे घेऊन, साडी सावरत आली, तशी मी तिला मधातच धरली. "तूच सांगितलं ना, बाई? पाण्यात पडून मेला, चड्डीवर नाचवलं, सगळं?"

प्रगतीनं ट्रे ठेवला. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे. आणि तिचे डोळे एवढे मोठे झाले. "अवो काकू! तो डोंगेवाला! गेममधला!"

आता मला तरी काय माहीत होतं, ते तिनं तिथं सांगितलं म्हणून कळलं. मोबाइलमध्ये एक गेम आहे, नदीचा. त्याचं नाव इंग्रजीत आहे, माझ्या जिभेला झेपत नाही. त्या गेममध्ये एक म्हातारा आहे, डोंगा चालवणारा, होडीवाला म्हणा. काही बोलत नाही. आपण हरलो, पाण्यात पडलो, की तो येतो, आपल्याला उचलतो, काठावर ठेवतो, हात धोतराला पुसतो आणि पाठ फिरवून निघून जातो. बस, एवढंच. सहा वर्षं प्रगती तो गेम खेळते. बाप गेला त्या वर्षी सुरू केला.

"सहा वर्षांत एकदाच त्यानं माह्याकडं पाहून मान हलवली होती," ती म्हणाली. "मी तवा बी रडली होती."

आणि आता त्या गेमचं कार्टून निघालं. त्यात त्या म्हाताऱ्याला काय केलं? तर सारखं बोलायला लावलं! पाचकळ जोक! केळाच्या सालीवरून पाडलं, खांद्यावर एक पोपट बसवला, चड्डीवर नाचवलं, आणि निळ्या केसांच्या एका हिरोला जागा पाहिजे म्हणून तिसऱ्या भागात त्याच्याच डोंग्यावरून पाण्यात ढकलून मारून टाकलं. बनवणाऱ्यांनीच. ज्यांना त्यानं मोठं केलं त्यांनीच.

"अन् बुडाला!" प्रगतीचा आवाज चढला. "डोंगेवाल्याले पोहता येत नाही! डोंगेवाल्याले!"

"हे मात्र खोटं हाय," आजोबा गंभीरपणे म्हणाले. "डोंगेवाला बुडत नसते. कोणं बनवलं हे? त्यानं तलाव तरी पाह्यला का कधी?"

देवराम भाऊजी उठले. पांढरा दुपट्टा खांद्यावरून काढून घडी केला. "म्हंजे," ते म्हणाले, "आम्ही अड्याळहून एका कार्टूनच्या मौतीले आलो."

वंदना खाली पाहत होती. तिच्या डोळ्यांत आता खरं पाणी होतं. रेशमी लुगड्यावर थेंब पडले. मला तिथल्या तिथं जमिनीत जावंसं वाटलं. तिसरं स्थळ. आणि तेही मीच आणलेलं, मीच बुडवलेलं.

"चाल नीलेश," भाऊजी म्हणाले.

नीलेश उठला नाही. तो प्रगतीकडे पाहत होता. आणि जो पोरगा दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत नाही, तो म्हणाला, "पण कार्टून तेवढं वाईट नाही."

प्रगती गरकन वळली. "काय म्हणलं तुम्ही?"

"मी बी खेळतो तो गेम. पण मुका माणूस गेममधी चालते. वीस मिनिटं मुका माणूस टीव्हीवर पाह्यचा कोणं?"

"मी पाहीन!"

"तुम्ही पाहसाल. लहान पोट्टे पाहतीन का? ते लहान पोट्ट्यांसाठी आहे."

"म्हंजे लहान पोट्ट्याहीले काहीबी वाढायचं? शिळंपाकं?"

"पोपट तरी मजेदार होता."

"पोपट!" प्रगती ओरडली. "पोपटाचं नाव नका घेऊ माह्यासमोर! त्या माणसानं आपल्याले चारशे वेळा पाण्यातून काढलं. चारशे वेळा! एक शब्द नाही बोलला, एक उपकार नाही दाखवला. अन् त्याच्या खांद्यावर शिट्टी वाजवणारा पोपट बसवला. तुमच्या आजोबाच्या खांद्यावर कोणं बसवला असता तं?"

"चारशे? माहे तं तीनशे बी नाही झाले."

"मंग तुम्ही कमी पडले असान पाण्यात!"

"मी चांगला खेळतो म्हणून कमी पडलो!"

बापरे! मुलगी पाहायच्या दिवशी मुलगा-मुलगी भांडतात, हे कोणी पाहिलंय? चहा थंड झाला, त्याच्यावर साय धरली. वंदना "प्रगती, प्रगती" करून दमली. भाऊजी उभेच्या उभे. म्हटलं, बाई शोभा, आता तूच काहीतरी सावर. मी मधात पडले. "जाऊ द्या व पोरांनो, कार्टून ते काय…"

"थांबा ना काकू!" दोघं एकदम ओरडले.

मी बसले.

अर्धा तास झाला. एकही जण माघार घ्यायला तयार नाही. तो म्हणे, निळ्या केसांचा हिरो वाईट नव्हता. ती म्हणे, त्याच्या केसांशिवाय त्याच्यात काय होतं? तो म्हणे, गाणी बरी होती. ती म्हणे, डोंग्यावर गाणं? शेवटी नीलेशनं पाणी प्यायलं आणि म्हणाला, "ठीक आहे. एक गोष्ट मी बी मानतो. एक पात्र त्याहीनं लय खोटं दाखवलं."

"कोणतं?"

"ती बाई. नदीच्या काठावरची शेजारीण."

मी कान टवकारले.

"गेममधी ती नाहीच," नीलेश आईला समजावत म्हणाला. "कार्टूनवाल्याहीनं आपल्या मनानं घुसवली. सगळ्याहीच्या कुंपणावरून पाहत राहते, अर्धं ऐकते, उरलेलं स्वतःच जोडते, अन् गावभर सांगत फिरते. तिच्याच चुकीच्या बातमीपायी डोंगेवाला नदीवर जाते अन् मरते. आता सांगा, अशी बाई राहते का जगात? काहीतरी प्रमाण पाह्यजे ना? ते पाहूनच मी म्हटलं, हे लिहिणाऱ्यानं डोकं गहाण ठेवलं."

हळूच प्रगतीची नजर माझ्यावर आली. मग खोलीतल्या सगळ्यांच्या नजरा माझ्यावर आल्या. दारात डबे धरून उभ्या असलेल्या अकरा बायांच्यासुद्धा.

"नाही जी," प्रगती हळू आवाजात नीलेशला म्हणाली. "पूर्ण कार्टूनमधी तेवढं एकच पात्र त्याहीनं बरोबर केलं."

नीलेशनं माझ्याकडे नीट पाहिलं. डोक्यावरच्या पदराकडे पाहिलं, आईच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, बापाच्या घडी केलेल्या दुपट्ट्याकडे पाहिलं, जिवंत आजोबांकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "चुकलं माहं."

कुसुम ताडकन उठली. "काय म्हणला तू? पुन्हा म्हण!" मग भाऊजींकडे वळून, "ऐकलं का? सत्तावीस वर्षांचा झाला, पण 'माहं चुकलं' असं ह्या पोट्ट्याच्या तोंडून मी आज ऐकलं! अन् एवढं बोलला! मले वाटे हा मुकाच राहते का काय. वंदनाबाई, मले पोरगी पसंत आहे!"

भाऊजी खाली बसले. दुपट्टा आजोबांच्या गुडघ्यावर ठेवला. "तुमच्या मौतीले म्हणून आणला होता," ते म्हणाले, "आता तुमचा मान म्हणून घ्या." आजोबांनी तो घेतला, आणि आणखी एक बालूशाहीही घेतली. बायांनी डबे आत आणले. मौतीचं जेवण म्हणून आणलेला वरणभात सगळ्यांनी पसंतीचं जेवण म्हणून खाल्ला. वंदना रडत-हसत वाढत होती आणि मला मात्र कोणी एकानंही वाढलं नाही. शेवटी मीच माझ्या हातानं घेतलं.

प्रगती-नीलेशचं लग्न येत्या उन्हाळ्यात आहे. दोघं रोज फोनवर भांडतात. भिंतीपलीकडून मला… म्हणजे, असं कानावर येतं.

हे सगळं झाल्यावर मी प्रगतीला म्हटलं, "दाखव बाई मले ते कार्टून." तिनं दाखवलं. खरं सांगते, त्या डोंगेवाल्याचं पार वाटोळं केलं आहे, पोरगी रडली ते उगाच नाही. पण ती शेजारीण? मी तिला नीट, पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिलं. तुम्हाला माहीत आहे का, ती बातमी घेऊन किती घरी जाते? दोन! फक्त दोन! तिसऱ्या दारापाशी दमून बसते!

ह्या कार्टूनवाल्यांना कोणाशीच न्याय करता येत नाही बघा.